एकाच रिपोर्टमधल्या चार्टचे रंग का बदलतात? आणि ते जागेवर कसे ठेवायचे?

अंगणवाडीत मुलांच्या दंडाला गुंडाळायची एक पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर तिने मोजतात. माप ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आलं तर लाल, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान आलं तर पिवळा आणि त्याहून जास्त आलं तर हिरवा. लाल म्हणजे मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सरकारी भाषेतलं 'सॅम'. पिवळा म्हणजे मध्यम कुपोषित, 'मॅम'. वजन-उंचीचं मोजमाप वेगळं होतंच, पण या पट्टीची खासियत अशी की ती समजायला आकडा वाचता यावा लागत नाही. रंग दिसला की पुरतं.

गडबड सुरू होते ती हेच आकडे कॉम्प्युटरवर चढल्यावर.

समजा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात बैठक आहे आणि गावनिहाय पाय चार्ट करायचे आहेत. पहिल्या गावाच्या तक्त्यात तीन ओळी आहेत: सामान्य, मध्यम, तीव्र. चार्ट काढला, हाताने हिरवा, पिवळा, लाल रंग दिले. छान दिसला. आता तोच चार्ट कॉपी करून त्यात दुसऱ्या गावाचे आकडे टाकले. या गावात मध्यम कुपोषित मूल एकही नाही, त्यामुळे ती ओळच तक्त्यात नाही. तीव्र कुपोषित मात्र तीन आहेत. तक्त्यात दोनच ओळी उरल्या आणि 'तीव्र' वर सरकून दुसऱ्या जागेवर आली. दुसऱ्या जागेचा रंग आहे पिवळा.

म्हणजे ज्या तीन मुलांना सगळ्यात आधी दवाखान्यात न्यायला हवं, ती स्क्रीनवर पिवळी दिसतात. आकडा बरोबर, नाव बरोबर, फक्त रंग चुकीचा. आणि पंचवीस-तीस गावांचे चार्ट भराभर पुढे सरकत असताना माणूस नाव वाचत नाही, रंगच बघतो.

हे होतं कशामुळे?

बहुतेक सॉफ्टवेअर रंग नावाला देत नाहीत, क्रमाला देतात. एक्सेलच्या अनेक वर्षं चाललेल्या ऑफिस थीममध्ये पहिल्याला निळा, दुसऱ्याला नारिंगी, तिसऱ्याला राखाडी, चौथ्याला पिवळा असा क्रम ठरलेला होता. पहिल्या जागेवर कोण बसलंय याच्याशी एक्सेलला देणंघेणं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बिल्डरमध्येही हेच आहे. तिथे बार किंवा लाइन चार्टमध्ये रंग मालिकेच्या क्रमावरून ठरतो आणि पाय चार्टमध्ये प्रत्येक तुकड्याच्या क्रमावरून. एका पायमध्ये पाच तुकडे आणि दुसऱ्यात दहा असले की एकाच नावाला दोन रंग मिळू शकतात.

पिकांचं उदाहरण घेतलं तर हे आणखी स्पष्ट होईल. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागात धान, तर पश्चिमेकडे कोरपना, राजुऱ्याच्या बाजूला कापूस आणि सोयाबीन जास्त. आता प्रत्येक तालुक्याचा चार्ट 'सगळ्यात मोठं पीक आधी' असा लावला, तर सिंदेवाहीत निळा रंग धानाला मिळेल आणि कोरपन्यात तोच निळा कापसाला. दोन्ही चार्ट शेजारी ठेवा. दोन्ही तालुक्यांत एकच पीक जास्त आहे असं वाटेल. चार्ट करणाऱ्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं, फक्त रंगांकडे लक्ष दिलेलं नसतं.

मग करायचं काय?

सॉफ्टवेअर उघडण्याआधी एक छोटा रंगतक्ता करायचा. एका रकान्यात प्रवर्गाचं नाव, दुसऱ्यात रंग. तोही 'लाल' एवढाच नको, कारण लाल पन्नास प्रकारचे असतात. लाल-हिरवा-निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे लिहून ठेवायचे, म्हणजे उद्या दुसऱ्या माणसाने रिपोर्ट केला तरी तोच रंग येईल.

एक्सेल वापरत असाल तर सर्वात उपयोगी सवय म्हणजे शून्याची ओळ कधीही न काढणं. गावात मध्यम कुपोषित मूल नसेल तर तिथे ० लिहा, पण ओळ ठेवा. पिव्हट टेबलमध्ये माहिती नसलेल्या नोंदीही दाखवायचा पर्याय फील्डच्या सेटिंगमध्ये असतो, तो सुरू करा. सगळ्या तक्त्यांत प्रवर्गांचा क्रम एकच ठेवा, चढता-उतरता लावायचा मोह टाळा. चार्टची टेम्प्लेट जतन करून ठेवली की काम झालं असं अनेकांना वाटतं. ती टेम्प्लेटही रंग क्रमानेच लक्षात ठेवते, त्यामुळे मूळ दुखणं तसंच राहतं.

बाकी सॉफ्टवेअरमध्ये रंग थेट नावाला बांधता येतो. लुकर स्टुडिओत 'डायमेन्शन व्हॅल्यू'नुसार रंग देण्याची सोय आहे. एकदा ठरवलं की त्या रिपोर्टमधल्या तशा सगळ्या चार्टना ते लागू होतं. टॅब्लोमध्ये फील्डवर राइट क्लिक करून 'डिफॉल्ट प्रॉपर्टीज'मध्ये रंग ठरवता येतात. पॉवर बीआयमध्ये रंगाच्या कोडचा एक वेगळा रकानाच डेटात ठेवून बार चार्टला 'रंग या रकान्यातून घे' असं सांगता येतं. रिपोर्ट बिल्डरमध्ये थोडा कोड लिहावा लागतो: नाव दिलं की रंग परत करणारं एक फंक्शन, आणि तेच फंक्शन सगळ्या चार्टना जोडायचं.

पण रंग नावाला बांधला की नाव नेमकं असावं लागतं, आणि आपल्याकडे खरी कसरत इथेच होते. विदर्भातला माणूस 'धान' लिहितो, दुसरीकडून आलेल्या फॉर्ममध्ये 'भात' असतं. कुणी 'सॅम' लिहितं, कुणी 'तीव्र कुपोषित'. कुणाच्या बोटाने शब्दामागे एक रिकामी जागा सुटते, जी डोळ्याला दिसत नाही. सॉफ्टवेअरच्या लेखी ही सगळी वेगवेगळी नावं आहेत आणि प्रत्येकाला ते नवा रंग देतं. खुद्द तालुक्याचं नावच कुठे 'गोंडपिपरी' तर कुठे 'गोंडपिंपरी' असं लिहिलेलं सापडतं. त्यामुळे टाइप करायला देण्यापेक्षा यादीतून निवडायला लावणं केव्हाही बरं.

आधीच अर्थ असलेले रंग

काही रंग लोकांच्या मनात पक्के बसलेले असतात. 'पिवळं कार्ड' म्हटलं की कोणतं रेशनकार्ड हे सांगावं लागत नाही. ३० एप्रिल २०२० ला केंद्राने कोरोनाच्या झोनची यादी काढली तेव्हा चंद्रपूर ऑरेंजमध्ये होतं आणि गडचिरोली ग्रीनमध्ये. गोंडपिपरीहून वैनगंगा ओलांडून आष्टीला गेलं की रंग बदलत होता, आणि त्या बदलाचा अर्थ दोन्ही काठांवर कळत होता. कारण देशभर तो रंग एकाच अर्थाने वापरला जात होता.

म्हणून एका रिपोर्टमध्ये लाल रंग 'तीव्र'साठी घेतला असेल, तर त्याच रिपोर्टमध्ये एखाद्या गावाला किंवा महिन्याला लाल देऊ नये. गावांसाठी राखाडीच्या छटा पुरतात. आणि प्रवर्ग फार असतील तर सात-आठच्या पुढे रंग ओळखूच येत नाहीत. तेव्हा महत्त्वाचे पाच-सहा ठेवून बाकीचे 'इतर'मध्ये टाकलेले बरे.

लाल-हिरव्याची एक अडचण मात्र उरते. हे दोन रंग काहींना सारखेच दिसतात, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं. शिवाय कार्यालयातला रिपोर्ट शेवटी झेरॉक्स होऊन काळापांढरा होतोच. त्यामुळे तुकड्यावर थेट 'तीव्र ३' असं लिहावं आणि तीव्रचा रंग छापल्यावर सगळ्यात गडद दिसेल असा निवडावा. रंगतक्ता वर्षाच्या मध्ये बदलायची वेळ आलीच, तर आधीच्या महिन्यांचे चार्टही नव्या रंगात पुन्हा काढावे लागतात. नाहीतर जूनचा लाल आणि जुलैचा लाल वेगळा निघतो.