नेटहॅकचा विकास

नेटहॅक हा एका खेळाडूने खेळावयाचा, भुयारातील भ्रमंतीवर आधारलेला मुक्त स्रोत संगणक खेळ आहे. त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. दूरदूरच्या स्वयंसेवकांनी संगणक जाळ्याद्वारे संपर्क ठेवून हा खेळ घडवला. नावातील 'नेट' हे पद या सहकार्याचे निदर्शक आहे. अनेकांनी जाळ्यावर एकत्र खेळण्याशी त्याचा संबंध नाही.

== स्वरूप ==
भुयाराचे बहुतेक मजले प्रत्येक डावात नव्याने रचले जातात. मूळ रूपात भिंती, दारे, वस्तू व राक्षस केवळ अक्षरे आणि चिन्हांनी दाखवले जातात. खोल तळातून येंडरचा ताईत आणून तो आपल्या देवतेस अर्पण करणे हे खेळाचे उद्दिष्ट असते. पात्र मरण पावल्यास डाव पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

== पूर्वपीठिका ==
१९८०च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय, ग्लेन विचमन व केन आर्नोल्ड यांनी 'रोग' हा खेळ तयार केला. त्याचा सोर्स कोड सुरुवातीस इतरांना उपलब्ध नव्हता. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधील शालेय विद्यार्थी जे फेनलेसन याने १९८२ साली मित्रांच्या साहाय्याने तशाच धर्तीचा 'हॅक' हा खेळ स्वतंत्रपणे लिहिला. पुढे अ‍ॅमस्टरडॅम येथील गणितज्ञ आंद्रीस ब्रोवर यांनी त्यात मोठी भर घातली आणि १९८४ साली तो युजनेटवर कोडसह प्रसिद्ध केला. कोड हाती आल्यामुळे अनेकांनी त्यात बदल केले व तो निरनिराळ्या संगणकांवर नेला; परिणामी परस्परांशी न जुळणाऱ्या आवृत्त्या निर्माण झाल्या.

== विकसक गट ==
या विखुरलेल्या आवृत्त्या एकत्र करण्याचे काम माइक स्टीफन्सन यांनी हाती घेतले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक इझाक मिलर व जॅनेट वॉल्झ हे त्यांचे प्रमुख सहकारी होते. १९८९ साली आवृत्ती ३.० प्रसिद्ध झाली. हा गट 'डेव्हटीम' या नावाने ओळखला जातो. मिलर यांचे १९९४ साली कर्करोगाने निधन झाले. १९९६ची आवृत्ती ३.२ त्यांना अर्पण करण्यात आली. खेळातील दिव्यांच्या दुकानाचा मालक 'इझाक' हेच नाव धारण करतो.

२००३ साली आलेल्या आवृत्ती ३.४.३ नंतर बारा वर्षे अधिकृत आवृत्ती निघाली नाही. या काळात खेळाडूंनी दोष दुरुस्त केले व नव्या सुविधा लिहिल्या. त्यांपैकी काही २०१५च्या आवृत्ती ३.६.० मध्ये समाविष्ट झाल्या.

== परवाना ==
नेटहॅकचा परवाना 'जीएनयू बायसन' या आज्ञावलीच्या परवान्यावर आधारलेला आहे. त्यानुसार कोणासही खेळाची प्रत वाटता येते व त्यात बदल करता येतात; मात्र बदल कोणी व केव्हा केला याची नोंद ठेवणे आणि सोर्स कोड उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. या मुभेमुळेच 'स्लॅशएम' व 'अननेटहॅक' यांसारखे स्वतंत्र उपप्रकार निर्माण होऊ शकले.

== संशोधनातील उपयोग ==
२०२० साली फेसबुकच्या कृत्रिम बुद्धिमत्ता संशोधकांनी नेटहॅकवर आधारित प्रशिक्षण प्रणाली प्रसिद्ध केली. भुयार दरवेळी बदलत असल्याने पाठांतराचा उपयोग होत नाही. म्हणून संगणकाच्या निर्णयक्षमतेची कसोटी घेण्यासाठी हा खेळ वापरला जातो.