फुसका बार : ठासणीची बंदूक आणि डहाणू-तलासरीचा इतिहास

'फुसका बार' हा शब्दप्रयोग आपण आता माणसांसाठी वापरतो. धमकी पोकळ ठरली, भाषण रंगले नाही, की बार फुसका गेला असे म्हणतो आणि हसतो ते बार काढणाऱ्याला. ठासणीच्या बंदुकीच्या काळात मात्र फुसका बार हा जिवाशी गाठ घालणारा प्रकार होता, आणि त्याचे कारण दारूत, हवेत नाही तर नळीत शोधावे लागे. डहाणू-तलासरीच्या इतिहासाकडे मी या अंगाने पाहू लागलो, तेव्हा दोष हाताचा की हत्याराचा, या जुन्या प्रश्नाच्या मागे आणखी एक प्रश्न दिसला : कोणाच्या हाती कोणते हत्यार राहू द्यायचे, हे कोण ठरवत होते?

आधी बंदूक समजून घेऊ. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायचे. नळीच्या बुडाशी बारीक भोक असते, त्याला कान म्हणतात. कानाबाहेर ठेवलेली बारीक दारू म्हणजे रंजक. जामगीचा निखारा रंजकीला लागला, की आग कानातून आत जाते आणि बार होतो. ही साखळी तीन ठिकाणी तुटू शकते. जामगी विझली तर रंजकच पेटत नाही. कान बुजला असेल तर रंजक भडकते, डोळ्यांपुढे उजेड होतो, पण आतली दारू थंडच राहते. आणि आतली दारू सर्दावली असेल, तर कानातून आलेली आगही वाया जाते. अनुभवी माणूस याच क्रमाने, बाहेरून आत, दोष शोधत जाई.

आपल्या किनाऱ्यावर तिसरा दोष सर्वांत मोठा. दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल, तर त्यात राहिलेले इतर क्षार हवेतले पाणी ओढून घेतात. शिवाय काळी दारू पूर्ण जळत नाही. निम्म्याहून अधिक वजनाची राख व काजळी मागे उरते, तीही ओल धरते आणि कान बुजवते. म्हणून बंदूक गरम पाण्याने धुवायची, कोरडी करायची, मग तेलाचा हात द्यायचा. तेल जास्त झाले, तर तेच पुढच्या बाराला मारक. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या मुलखात ही निगा अर्धी लढाई असे.

फुसका बार कधी कधी फुसका नसतो, तो नुसता उशिरा होणारा असतो. उत्तर कोकणाच्या इतिहासात याचे मोठे उदाहरण वसईचे आहे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत डहाणूच्या दक्षिणेचा तारापूरचा किल्ला पडला. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे मे महिन्यात वसईच्या तटाखाली मराठ्यांनी सुरुंग भरले. काही उडाले, काही उडालेच नाहीत. पडलेल्या खिंडारातून लोक चढले आणि मागे राहिलेला एक सुरुंग त्याच वेळी फुटला. शेकडो माणसे आपल्याच दारूने गेली. न झालेल्या बाराजवळ लगेच जाऊ नये, हा बंदुकीचा नियम तिथे तटाएवढ्या मापाने सिद्ध झाला.

एकोणिसाव्या शतकात या दोषांवर उपाय निघाला, तो टोपीचा. तांब्याच्या छोट्या टोपीत आघाताने पेटणारे रसायन असे. घोडा आपटला की ठिणगी थेट आत. १८३४ साली वुलिचला ब्रिटिशांनी दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी ६००० बार काढून पाहिले. चकमकीच्या बंदुकीचे ९२२ बार फुकट गेले, टोपीच्या बंदुकीचे अवघे ३६. मे १८४१ मध्ये चीनमध्ये कँटनजवळ मुसळधार पावसात मद्रासच्या ३७ व्या पलटणीची एक तुकडी गावकऱ्यांच्या गराड्यात सापडली. शिपायांच्या चकमकी भिजल्या होत्या. टोपीच्या बंदुका घेतलेले गोरे मरीन आले, तेव्हा सुटका झाली. एकाच सरकारच्या नोकरीत, एकाच पावसात, कोणाचा बार होणार आणि कोणाचा नाही हे बंदूक वाटणाऱ्याने आधीच ठरवले होते.

पुढची पायरी काडतुसाची. टोपी, दारू आणि गोळी एकाच धातूच्या नळकांड्यात बंद झाली. ओलीचा आणि ठासणाऱ्या हाताचा प्रश्न बहुतांशी संपला. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक नको, दारूही नको. कायद्याच्या व्याख्येत तलवार-भाल्यांबरोबर धनुष्यबाणही होते. युरोपियनांना मात्र सूट होती. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळू शकत असे, पण त्यासाठी अर्ज, सरकारी मेहेरबानी आणि राखण्याजोगे स्वतःचे पीक लागे. डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या वारल्यांची जमीन सावकार-जमीनदारांकडे गेली होती. त्यांच्या वाट्याला वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटी पत्करलेली लग्नगड्याची गुलामी आली.

मे १९४५ मध्ये झरी गावी हजारो आदिवासी जमले आणि रोख बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, असे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप सुरू झाला. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी अफवा उठवली गेली आणि १० ऑक्टोबरला हजारो लोक तलवाड्याला जमले. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. कारखान्यात भरलेल्या काडतुसाला पाऊस, कान, जामगी यांची फिकीर नव्हती. ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यांच्या हातात काठ्या आणि कोयते होते.

इथे 'फुसका बार' हा शब्द कोणाला लावायचा, ते वाचकांनी ठरवावे. हत्याराच्या हिशेबात वारली अगोदरच हरलेले होते, आणि ती हार सत्तर वर्षांपूर्वीच्या एका कायद्यात लिहून ठेवलेली होती. पण त्यांनी लढाई त्या हिशेबात लढलीच नाही. गवत कापायला कोणी गेले नाही, तर काडतूस गवत कापू शकत नाही. गोळीबारानंतरही संप मोडला नाही. वेठ गेली, लग्नगड्याची पद्धत गेली, मजुरी वाढली. तलासरीत आजही १० ऑक्टोबरला हुतात्म्यांची आठवण केली जाते.