अंड्यातली बग्गी

जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर लांबीची घोडागाडी. चाकं फिरतात, दारं उघडतात, उतरायला घडीची पायरी आहे आणि खाली धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगाही आहेत. धावा प्लॅटिनमच्या, खिडक्या स्फटिकाच्या, अंगावर लाल मीना. ही गाडी सोन्याच्या एका अंड्यात मावते. १८९७ च्या ईस्टरला रशियाचा झार दुसरा निकोलस याने ते अंडं आपल्या पत्नीला, अलेक्झांड्राला भेट दिलं. आदल्या वर्षी मॉस्कोत झालेल्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून.

अंड्याला नाव मिळालं कार्ल फॅबर्जेचं, कारण पेढी त्याची. आतली गाडी मात्र जॉर्ज स्टाइन नावाच्या कारागिराने केली. समोर नमुना होता १७९३ सालचा, म्हणजे कॅथरीन राणीच्या काळातला खराखुरा रथ. दिवसाला सोळा तास याप्रमाणे पंधरा महिने त्याचं काम चाललं होतं, असं सांगतात. रिलीजच्या आठवड्यात आम्हीही सोळा-सोळा तास बसतो, पण आमच्याकडे अनडू असतं. भट्टीत तडकलेल्या मीन्याला अनडू नाही.

आता त्याच राज्याभिषेकातली दुसरी भेटवस्तू बघा. सामान्य लोकांसाठी रुमालात बांधलेली पुडकी ठेवली होती: पाव, सॉसेज, थोडा गोड खाऊ आणि एक पत्र्याचा मग. मॉस्कोबाहेरच्या खोदिंका मैदानावर, लष्करी सरावासाठी खणलेल्या खड्ड्या-चरांच्या मधोमध, रात्रीपासून लाखो लोक जमले. पुडकी संपणार, अशी अफवा पसरली आणि ३० मे १८९६ च्या पहाटे चेंगराचेंगरीत तेराशेहून जास्त माणसं मेली. त्याच रात्री फ्रेंच राजदूताकडे नाच होता. झार-झारीण तिथे गेले.

मला या गोष्टीत अडकवून ठेवतो तो मग. त्यावरही मीनाच होता. राजा-राणीची आद्याक्षरं आणि सालही. अंड्यावरसुद्धा हिऱ्याखाली राणीची आद्याक्षरं आहेत आणि साल आहे. मग मिळवताना माणसं चिरडली गेली, आणि त्यानंतर वर्षभराच्या आत स्टाइनची गाडी मखमलीवर ठेवून राणीच्या हातात गेली. गाडीवर, अंड्यावर त्या मैदानाची कुठेही खूण नाही. असायची अपेक्षाही नव्हती म्हणा.

क्रांतीनंतर अंडं सरकारजमा झालं. १९२७ मध्ये सोव्हिएत सरकारने ते लंडनच्या एका पेढीला विकलं. पुढे ते अमेरिकेत फोर्ब्स यांच्या संग्रहात होतं आणि २००४ मध्ये एका रशियन उद्योगपतीने विकत घेतलं. आता सेंट पीटर्सबर्गच्या फॅबर्जे संग्रहालयात आहे.

मला जास्त आवडतं ते या गाडीचं घरगुती कूळ. ब्रिटन-अमेरिकेत अंडी सजवण्याचा छंद असलेली माणसं खऱ्या अंड्याच्या बग्ग्या करतात. फॅबर्जेकडे दागिने खरे आणि अंडं खोटं. इथे अंडं खरं, दागिने बहुतेक खोटे. पाळीव हंसाचं, म्हणजे गूजचं अंडं साधारण स्टाइनच्या गाडीएवढंच भरतं. दोन भोकं पाडून, फुंकून आतलं काढायचं, धुऊन वाळवायचं. रबरबँड लावून पेन्सिलने दाराची रेघ आखायची. मग हिऱ्याच्या कणांची बारीक चकती लावलेल्या मशीनने कापायचं. तोंडाला मास्क हवाच, टरफलाची पूड वाईट. गंमत बिजागरीची आहे: ती दार पूर्ण कापून होण्याआधीच चिकटवायची, नाहीतर दार पुन्हा जागेवर बसत नाही.

मग जुन्या दागिन्यांचा डबा उपडा करायचा. जाळीदार गोल ब्रोच म्हणजे चाकं. पितळी तारेचा आस. क्लिपची कानातली दोन बाजूंचे दिवे होतात, तुटक्या साखळीचे लगाम. खडे बरेचदा बोहेमियातल्या याब्लोनेत्सच्या काचेचे. याच गावातून एकेकाळी काचेच्या बांगड्या जहाजं भरून हिंदुस्थानात यायच्या, म्हणजे आपल्या पणज्यांच्या मनगटापासून ही बग्गी फार लांब नाही.

स्टाइनच्या गाडीत आत एक रत्नाचा लोलक टांगलेला होता. तो कधीच हरवला. गाडी आहे, आत काही नाही. टरफलाच्या बग्गीत त्या जागी जोडीतलं एक हरवलेलं, उरलेलं एकटं कानातलं छान बसतं.