राष्ट्रपतिपदाचा पहिला शपथविधी

राष्ट्रपतिपदाचा पहिला शपथविधी : भारतीय प्रजासत्ताकाचे प्रथम राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अधिकारग्रहणाचा, २६ जानेवारी १९५० रोजी दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसमधील दरबार हॉलमध्ये झालेला समारंभ. मावळते गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला, आणि त्यानंतर सहा मिनिटांनी सरन्यायाधीश हरिलाल कानिया यांनी राष्ट्रपतींस शपथ दिली. संविधानसभेने २४ जानेवारीस केलेली अविरोध निवड ३८० व्या अनुच्छेदातील तात्पुरत्या तजविजीनुसार असल्यामुळे, रीतसर निवडणूक झाल्यावर मे १९५२ मध्ये राजेंद्रबाबूंना पुन्हा शपथ घ्यावी लागली.

शपथ देणाराचा अधिकार हा या विधीतील खरा लक्षणीय भाग होय. कानिया हे संविधान अमलात येईपर्यंत फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. ३७४ व्या अनुच्छेदाने ते त्याच क्षणी सर्वोच्च न्यायालयाचे झाले, परंतु त्या न्यायालयाचे उद्घाटन मात्र २८ जानेवारीस व्हायचे होते. सरन्यायाधीश अनुपस्थित असल्यास उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशासमोर शपथ घ्यावी, अशी पुस्ती ६० व्या अनुच्छेदात आहे. ती वरकरणी किरकोळ वाटते. पण तिचे मोल पुढे एका नागपूरकराच्या निमित्ताने प्रत्ययास आले.

मध्यप्रांत व वऱ्हाड शपथविधीच्याच दिवशी मध्यप्रदेश झाला आणि नागपूर त्याची राजधानी राहिले. तेथील उच्च न्यायालयात त्या वेळी न्यायाधीश असलेले मोहम्मद हिदायतुल्ला हे मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजला शिकून १९३० पासून त्यांनी नागपुरातच वकिली केली. राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर कार्यभार वाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी निवडणुकीस उभे राहण्यासाठी २० जुलै १९६९ रोजी राजीनामा दिला, तेव्हा त्याच वर्षी मे महिन्यात संमत झालेल्या अधिनियमान्वये ती सूत्रे सरन्यायाधीश या नात्याने हिदायतुल्लांकडे आली. शपथ देणारानेच शपथ घ्यावयाची हा पेच त्या पुस्तीमुळे उद्भवलाच नाही.

२४ ऑगस्टपर्यंतच्या या अल्प कारकिर्दीत त्यांनी बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकास अनुमती दिली. पुढे १० फेब्रुवारी १९७० रोजी तो कायदा अवैध ठरविणाऱ्या ११ न्यायाधीशांच्या पीठाचे अध्यक्षस्थान न्या. जे. सी. शाह यांच्याकडे होते. सरन्यायाधीश असूनही हिदायतुल्ला त्या पीठावर नव्हते.