पुनर्संयोजित प्रथिनांचे विद्राव्य उत्पादन

पुनर्संयोजित प्रथिनांचे विद्राव्य उत्पादन म्हणजे एखाद्या सजीवाचे जनुक जीवाणूत बसवून त्यापासून तयार होणारे प्रथिन योग्य घडीत, पाण्यात विरघळलेल्या आणि कार्यक्षम स्वरूपात मिळवणे होय. या कामासाठी सर्वाधिक वापरला जाणारा जीवाणू इशेरिकिया कोलाय (ई. कोलाय) हा आहे. तो स्वस्त माध्यमात झपाट्याने वाढतो. अनुकूल परिस्थितीत त्याची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. मात्र परके प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले की ते अनेकदा नीट घडी न पडता पेशीतच गोळा होते. अशा अविद्राव्य गोळ्यांना समावेश पिंड किंवा इन्क्लूजन बॉडी म्हणतात. औषधे, लसी, निदानसंच आणि औद्योगिक विकरे यांच्या निर्मितीचा खर्च बऱ्याच अंशी या एका प्रश्नाच्या सोडवणुकीवर अवलंबून असतो.

इतिहास

१९७७ साली अमेरिकेत सोमॅटोस्टॅटिन हे १४ अमिनो आम्लांचे मानवी संप्रेरक ई. कोलायमध्ये तयार करण्यात आले. एवढा लहान रेणू जीवाणू लगेच पचवून टाकत असल्याने तो बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाला जोडून तयार करावा लागला. पुढच्याच वर्षी मानवी इन्सुलिनच्या दोन साखळ्या याच मार्गाने मिळाल्या आणि १९८२ मध्ये असे इन्सुलिन औषध म्हणून अमेरिकेत मान्य झाले. त्याच वर्षी इन्सुलिन बनवणाऱ्या जीवाणूंच्या पेशीद्रव्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाट पिंड दिसल्याचे प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये टी७ या जीवाणुभक्षक विषाणूच्या आरएनए पॉलिमरेजवर आधारलेली उत्पादनपद्धती पुढे आली. या पद्धतीत उत्पादन पुष्कळ वाढले, पण त्याबरोबर अविद्राव्यतेचा प्रश्नही तीव्र झाला.

अविद्राव्यतेची कारणे

प्रथिनाची घडी कशी पडावी याची माहिती त्याच्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हे क्रिश्चियन अँफिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या विकरावरील प्रयोगांतून दाखवले. या कार्यासाठी त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु परीक्षानळीतील विरल द्रावण आणि जिवंत पेशी यांत मोठा फरक आहे. ई. कोलायच्या पेशीद्रव्यात दर मिलिलिटरमागे सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम महारेणू दाटीवाटीने असतात. अर्धवट घडी पडलेल्या साखळ्यांचे जलविरोधी भाग उघडे राहतात आणि या दाटीत ते स्वतःच्या साखळीत मिटण्याऐवजी शेजारच्या साखळीला चिकटतात. याशिवाय पुढील कारणे महत्त्वाची ठरतात :

* जीवाणूंचा रायबोसोम दर सेकंदाला साधारण १० ते २० अमिनो आम्ले जोडतो. मानवी पेशीत हा वेग याहून बराच कमी असतो, त्यामुळे तेथे अनेक भागांच्या मोठ्या प्रथिनांना टप्प्याटप्प्याने घडी पडण्यास वाव मिळतो.
* जीवाणूचे पेशीद्रव्य क्षपणकारी असल्याने तेथे डायसल्फाइड बंध सहसा तयार होत नाहीत.
* अनेक मानवी प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळ्या ई. कोलाय बसवत नाही.
* काही संकेतत्रयी ई. कोलायमध्ये क्वचितच वापरल्या जातात, उदाहरणार्थ आर्जिनिनसाठीच्या एजीए व एजीजी. तेथे भाषांतर अडखळते व साखळ्या अपुऱ्या राहू शकतात.

उपाय

वाढीची परिस्थिती

सर्वांत साधा व बहुधा पहिला उपाय म्हणजे तापमान कमी करणे. जीवाणू ३७ अंश सेल्सियसला वाढवून, प्रेरक घालण्यापूर्वी तापमान १५ ते २५ अंशांवर आणले जाते आणि उत्पादन रात्रभर चालू ठेवले जाते. त्यामुळे भाषांतराचा वेग मंदावतो आणि जलविरोधी भागांचे परस्पर आकर्षणही क्षीण होते. आयपीटीजी या प्रेरकाची मात्रा नेहमीच्या १ मिलिमोलरवरून ०.१ मिलिमोलर किंवा त्याहून खाली आणणे, दुबळा प्रवर्तक निवडणे, किंवा ग्लुकोज संपल्यावर लॅक्टोजमुळे आपोआप प्रेरण होईल असे माध्यम वापरणे, हे याच तत्त्वाचे प्रकार आहेत. एकूण उत्पादन घटले तरी विद्राव्य भाग वाढल्याने हाती येणारे कार्यक्षम प्रथिन अनेकदा वाढते.

यजमान जीवाणूचे वाण

बीएल२१ (डीई३) हा वाण सर्वसाधारण कामासाठी वापरतात. त्यात लॉन व ओएमपीटी ही दोन प्रथिनभंजक विकरे नसतात. रोझेटा वाणात विरळ संकेतत्रयींसाठी लागणारे टी-आरएनए जादा पुरवलेले असतात. ओरिगामी व शफल या वाणांमध्ये पेशीद्रव्याची क्षपणव्यवस्था बदललेली असल्याने तेथे डायसल्फाइड बंध बनू शकतात. पेशीपटलातील प्रथिनांसाठी सी४१ व सी४३ हे वाण उपयोगी पडतात. त्यांचे वर्णन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

जोड-प्रथिने

हव्या त्या प्रथिनाच्या टोकाला सहज विरघळणारे दुसरे प्रथिन जोडले असता संपूर्ण साखळी विद्राव्य राहण्याची शक्यता वाढते. माल्टोज-बंधक प्रथिन (सुमारे ४२ किलोडाल्टन), ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज (सुमारे २६), थायोरेडॉक्सिन (सुमारे १२), नस-ए (सुमारे ५५) आणि सुमो (सुमारे ११) ही प्रचलित जोड-प्रथिने होत. शुद्धीकरणानंतर टीईव्ही प्रोटिएजसारख्या विकराने जोड कापून टाकतात. जोड काढताच प्रथिन पुन्हा साकळून खाली बसले, तर मुळातली घडीच चुकलेली होती असे समजावे लागते.

सहचर प्रथिने

नव्या साखळ्यांना चुकीच्या ठिकाणी चिकटू न देणारी सहचर प्रथिने, म्हणजे चॅपेरॉन, पेशीत नैसर्गिकरीत्या असतात. ग्रो-ईएल हे प्रत्येकी सात उपघटकांच्या दोन कड्यांचे पिंपासारखे प्रथिन असून ग्रो-ईएस त्याचे झाकण होते. आतल्या पोकळीत सुमारे ६० किलोडाल्टनपर्यंतची साखळी एकटी राहून घडी घेऊ शकते. डीएनए-के, डीएनए-जे व जीआरपी-ई हा दुसरा संच आहे. या संचांची जनुके वेगळ्या प्लाझ्मिडवर देऊन त्यांचे प्रमाण वाढवता येते. कोणते प्रथिन कोणत्या संचाला प्रतिसाद देईल, हे प्रयोगाअंतीच कळते.

पेरिप्लाझम व स्रवण

संकेतक्रम जोडून प्रथिन आतील व बाहेरील पेशीपटलांमधील पेरिप्लाझम या जागेत पाठवता येते. तेथील वातावरण ऑक्सिडीकारक असते आणि डायसल्फाइड बंध जुळवणारी डीएसबी विकरे तेथे असतात. बॅसिलस गटातील जीवाणूंना बाहेरचे पटलच नसल्याने ते प्रथिने थेट माध्यमात सोडतात. औद्योगिक विकरांच्या निर्मितीत त्यांना पसंती मिळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

पिंडांपासून पुनर्घडी

सर्व उपाय थकल्यास समावेश पिंड वेगळे करून ८ मोलर युरिया किंवा ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइडमध्ये विरघळवतात आणि नंतर ते द्रावण हळूहळू विरल करून प्रथिनाची घडी पुन्हा पडू देतात. आर्जिनिन तसेच क्षपित व ऑक्सिडीकृत ग्लुटाथायोन यांचे मिश्रण येथे साहाय्यक ठरते. ही पद्धत केवळ नाइलाजाची नव्हे : पिंडांत प्रथिन बरेच शुद्ध असते आणि प्रथिनभंजक विकरांपासून सुरक्षित राहते. पांढऱ्या रक्तपेशी वाढवणारे फिलग्रास्टिम हे औषध ई. कोलायमधील पिंडांपासूनच बनवले जाते. परंतु विरलनामुळे द्रावणाचे आकारमान अनेक पटींनी वाढते व मोठ्या टाक्या, रसायने आणि सांडपाणी यांचा खर्च वाढतो.

तपासणी

पेशी फोडून द्रावण अपकेंद्रण यंत्रात फिरवतात आणि वरचा द्रव व तळाचा साका या दोहोंची एसडीएस-पेज या जेलवर तुलना करतात. मात्र वरच्या द्रवात आढळणारे प्रथिन सुघटित असतेच असे नाही. लहान आकाराचे पुंज कमी वेगाच्या अपकेंद्रणात खाली बसत नाहीत. म्हणून आकारानुसार विलगीकरण करणारी क्रोमॅटोग्राफी आणि प्रत्यक्ष कार्यक्षमतेची चाचणी या दोन्ही आवश्यक मानल्या जातात.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची न्यूमोसिल ही न्यूमोकोकसविरोधी लस या विषयाचे ठळक उदाहरण आहे. दोन वर्षांखालील बालकांचे शरीर जीवाणूच्या शर्करावेष्टनाला पुरेसा प्रतिसाद देत नाही. ते वेष्टन वाहक प्रथिनाला जोडल्यावर प्रतिसाद मिळतो. न्यूमोसिलमध्ये दहा प्रकारच्या शर्करा सीआरएम१९७ या वाहकाला जोडलेल्या आहेत. सीआरएम१९७ हे घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी रूप असून त्यात ५२ व्या स्थानी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल असते. सुमारे ५८ किलोडाल्टनच्या या प्रथिनात दोन डायसल्फाइड बंध आहेत. ई. कोलायच्या पेशीद्रव्यात त्याचा मोठा भाग अविद्राव्य राहतो, तर घटसर्पाच्या मूळ जीवाणूपासून ते मिळवताना माध्यमातील लोहाचे प्रमाण काटेकोरपणे मर्यादित ठेवावे लागते. न्यूमोसिलसाठी स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जीवाणूवर आधारित तंत्रज्ञान वापरले गेले. त्यात अनेक वाण व संकेतक्रम तपासून प्रथिन पेरिप्लाझममध्ये विद्राव्य रूपात मिळवले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१९ मध्ये या लसीला पूर्वमान्यता दिली. तोवर बाजारात बहुराष्ट्रीय कंपन्यांच्याच संयुग्म न्यूमोकोकस लसी असल्याने, किमतीच्या दृष्टीने ही घटना अल्प उत्पन्नाच्या देशांसाठी महत्त्वाची ठरली. याच संस्थेच्या, २०२३ मध्ये पूर्वमान्यता मिळालेल्या मेनफाइव्ह या मेंदुज्वराच्या लसीत सी, डब्ल्यू व वाय या गटांच्या शर्करांसाठी पुनर्संयोजित सीआरएम१९७ वापरले आहे.

सर्वच पुनर्संयोजित प्रथिनांसाठी जीवाणू निवडले जात नाहीत. वोक्हार्ट कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणलेले इन्सुलिन यीस्टपासून तयार केलेले होते.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे या तंत्राचा संबंध औषधांपेक्षा वस्त्रोद्योगाशी येतो. भिवंडी हे देशातील यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे. मागावर ताण्याचे सुती धागे तुटू नयेत म्हणून त्यांना पिष्टाची खळ दिली जाते. विणलेले कोरे कापड रंगवण्यापूर्वी ही खळ काढावी लागते. अन्यथा रंग सर्वत्र सारखा चढत नाही. आम्ले वापरल्यास सुताचे तंतू कमजोर होण्याचा धोका असतो. अल्फा-अमायलेज हे विकर मात्र केवळ पिष्टाचे विघटन करते व सेल्युलोजला धक्का लावत नाही. हे विकर मुख्यतः बॅसिलस जीवाणूंपासून मिळते. ते पेशीबाहेर विद्राव्य रूपात स्रवत असल्याने पेशी फोडण्याची किंवा पुनर्घडीची गरज उरत नाही, आणि म्हणूनच ते कापड धुण्यासारख्या कमी नफ्याच्या कामात परवडते.

मर्यादा

एखादे प्रथिन विद्राव्य राहील की नाही याचे भाकीत त्याच्या क्रमावरून करण्याचे प्रयत्न १९९१ पासून होत आहेत. अशा संगणकीय अंदाजांचा उपयोग प्रयोगांची संख्या कमी करण्यापुरता होतो. खात्री प्रयोगानेच होते. त्यामुळे अनेक वाण, तापमाने व जोड-प्रथिने यांची लहान प्रमाणावर एकाच वेळी चाचणी घेणे ही रूढ पद्धत आहे. लहान नळीतील यश मोठ्या किण्वकात टिकेलच असे नसते, कारण तेथे ऑक्सिजनचा पुरवठा, उष्णतेचा निचरा आणि पेशींची घनता या सर्व गोष्टी बदलतात. ज्या प्रथिनांच्या कार्यासाठी शर्करासाखळ्या अत्यावश्यक असतात, त्यांच्यासाठी सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळावे लागते.

हे सुद्धा पहा

* जनुकीय अभियांत्रिकी
* इशेरिकिया कोलाय
* इन्सुलिन
* संयुग्म लस
* यंत्रमाग