जुन्या मोटारींतील प्रज्वलन विद्युतदाबाची तपासणी
पॉइंट व कॉइल असलेल्या जुन्या पेट्रोल मोटारींत प्रज्वलनाचा विद्युतदाब मल्टिमीटरने तपासतात. १२ व्होल्टच्या ज्या गाड्यांत बॅलास्ट रोधक असतो, तेथे चावी चालू व पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या पुरवठा-अग्रावर साधारणतः ६ ते ९ व्होल्ट मिळतात. हा दोष समजून रोधक काढल्यास कॉइल तापते, पॉइंट जळतात. पॉइंट उघडे असताना प्रवाह थांबतो आणि त्याच अग्रावर बॅटरीइतका दाब दिसतो. नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते. स्टार्टर फिरताना बॅटरीचा दाब घसरतो, म्हणून बहुतेक रचनांत तेवढ्यापुरता रोधक वगळला जातो. प्लगकडील दाब हजारो व्होल्टांचा असल्याने तेथे साधा मल्टिमीटर लावू नये. कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असते; तेथे मीटरच्या तारा उलट लावाव्या लागतात.