मोहाची धार आणि आबकारी

पोर्तुगालात दोरो नदीच्या काठी, व्हिला नोव्हा द गाया या नगरात, द्राक्षमद्याची जुनी तळघरे पाहुण्यांस अगत्याने दाखविली जातात, आणि त्या मद्याच्या द्राक्षभूमीच्या सीमा मंत्री पोंबालच्या कारकिर्दीत १७५६ साली राजाज्ञेने आखल्या गेल्या. परंतु वर्धेकाठच्या घुग्घुसपासून पूर्वेस गडचिरोलीच्या अरण्यापर्यंत जी मद्यपरंपरा नांदली, तिला ना तळघर लाभले, ना राजाश्रय.

चैत्राच्या पहाटे मोहाखाली पडलेली मांसल, फिकट पिवळी फुले गोंड स्त्रिया टोपलीत वेचतात. ती वाळवून, पाण्यात आंबवून, मडक्याच्या भट्टीवर चढविली जातात, आणि निघालेली धार पूजाविधीत पेनास, म्हणजे गोंडांच्या देवास, अर्पण होते. दुष्काळात हीच फुले कित्येकांचे अन्नही झाली.

इंग्रजी अमलात आबकारी खात्याने हा घरगुती व्यवहार परवाना व मक्त्याच्या चौकटीत कोंडला, सरकारजमा वाढविली, आणि देवाचा नैवेद्य गाळणारा वनवासी गुन्हेगार ठरविला. हा उघड अन्याय होता. तथापि व्यसनाने संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रियांचा आक्रोशही तितकाच खरा होता. जनआंदोलनातून गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ साली उठविण्यात आली.